खालच्या थरातली माती

सोमवार, ८ सप्टेंबर २०२५

क्षमा असावी. वरिष्ठांच्या माती-नकाशावर माझ्यासारख्या कनिष्ठ संशोधिकेने मत मांडणे, तेही स्वतःच्या वहीत का होईना, आगाऊपणाचे आहे. तरी मांडते — कारण नकाशा चुकला आहे!

सावंतवाडीकडच्या एका डोंगरउताराला आमच्या दिल्लीतल्या प्रयोगशाळेने ‘जांभी (लॅटराइट), उत्तम निचऱ्याची’ ठरवले. मे महिन्यात मी तिथे दीड मीटर खड्डा खणवला. वरच्या थरात चिकणमाती बावीस टक्के. अर्ध्या मीटरखाली सेहेचाळीस. शतकानुशतकांच्या पावसाने बारीक कण खाली नेऊन साचवले आहेत. ढेकळांवर मेणासारखी चकाकी. सामू (pH) ४.८ — इतक्या आम्लतेत ॲल्युमिनियम मोकळे होते आणि मुळांची टोके खुंटतात. ही माती जांभी नव्हे, निराळी आहे. मेघालयात, इंडोनेशियात, ॲमेझॉनच्या खोऱ्यात — उष्ण, अतिपावसाच्या पट्ट्यात सर्वत्र — हिची भावंडे सापडतात.

शुक्रवारी दुपारी नकाशा छपाईला जाणार. त्याच्या भरवशावर तिथे काजूच्या बागा लागतील. खोलवर चुना द्या, असे कुणी सांगणारच नाही.

मंगळवार, ९ सप्टेंबर

विभागप्रमुख विनयसरांना आकडे दाखवले. ते सगळ्यांसमोर म्हणाले,

“लाल है तो लैटराइट है. अब मराठी मीडियम की टॉपर हमें मिट्टी सिखाएगी?”

सगळे हसले, शेजारच्या टेबलावरची क्षिप्रासुद्धा. मी मान खाली घातली. आकडे मागे घेतले नाहीत.

बुधवार, १० सप्टेंबर

बाबांनी सरकारी खात्यात तीस वर्षे काढली, ती ‘जी सर’ म्हणूनच. शिष्यवृत्तीच्या मुदतवाढीवर सही विनयसरांचीच, याची त्यांनी दोनदा आठवण करून दिली. गप्प बस म्हणाले.

नाही बसणार. नकाशाच्या छाननी समितीला पत्र लिहायला घेतले. चार मसुदे फाडले.

गुरुवार, ११ सप्टेंबर

सरांनी बोलावून जुनी नमुनावही पुढे सरकवली. त्या उताराचे बारा नमुने, सगळे वरच्या पंधरा सेंटिमीटरमधले — इकडे गव्हाच्या शेतात घेतात तसे. खालचा थर कुणी पाहिलाच नव्हता. नमुने घेणाऱ्याची सही माझी! रुजू होऊन तेव्हा दोनच महिने झाले होते; कुठकुठले नमुने आणले, ते आठवतही नव्हते.

“भेजो चिट्ठी,” सर शांतपणे म्हणाले. “लिखना, गलती किसकी थी.”

शुक्रवार, १२ सप्टेंबर

लिहिले. पहिल्याच वाक्यात माझी चूक, नावानिशी. छपाई थांबवावी, हे दुसऱ्यात.

पाठवले: १२ सप्टेंबर २०२५, सकाळी ९ वाजून ४० मिनिटे.