नाला भिंतीपाशी कुठे वळतो

गुरुजी, काल रविवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी मी नाल्याच्या पुलावर उभा राहून उजव्या खिशातले चिंचोके मोजत होतो. चाळीस भरले. दर शंभर पावलांना एक चिंचोका डाव्या खिशात टाकायचा, ही तुमचीच रीत. भूगोलाच्या तासाला तुम्ही टेबलाभोवती चालून ती दाखवलीत आणि सगळा वर्ग हसला होता.

सातवीत तुम्ही आम्हाला ह्या नाल्याचा नकाशा काढायला सांगितला आणि माझा वर्गाच्या भिंतीवर लावलात. तुम्हाला सांगायचं राहिलं ते हे, की मी कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या अलीकडेच थांबलो होतो. तिथून नाला घळीत उतरतो. मला भीती वाटली. भिंत आली म्हणजे पाणी वळसा घालणार, असं मी घरी बसून ठरवलं आणि कारखान्याच्या डावीकडून निळी रेघ ओढली. अक्षर मात्र फार नीट काढलं. पुढच्या शनिवारी शाळा सुटताना तुम्ही म्हणालात, "उद्या सकाळी सातला पुलावर ये. दोघं मिळून तुझा नाला चालू." मला वाटलं, पकडलं. मी आलो नाही. सोमवारी शाळेतही आलो नाही, आणि नंतर कधीच नाही. घरी सांगितलं, डोकं चालत नाही. वडिलांनी मागावर लावलं. आता मी एका चादरीच्या कारखान्यात सुताचे गठ्ठे मोजून घेतो.

तुम्ही गेल्याचं मला दुष्काळाच्या साली कळलं. त्याला आता तीन वर्षं होतील. तेव्हापासून ती निळी रेघ कितपत खोटी होती, हे एकदा बघायचं होतं.

घळ मला वाटली होती तेवढी खोल नाही, पुरुषभर असेल. मुरमाच्या कडेला खंड्याची बिळं आहेत. रंगखान्यांच्या पाण्याने चिखलावर जांभळा थर चढलाय, पण एके ठिकाणी पाणी इतकं स्वच्छ आहे की तळाचे दगड दिसतात. ते कुठून येतं, मला कळलं नाही. बाराशे चाळीस पावलांवर भिंत येते. आणि गुरुजी, नाला वळतच नाही. भिंतीत दगडी कमान आहे, पाणी सरळ आत जातं.

मी वर चढून, मोजत मोजत फाटकाशी गेलो. कारखाना बंद पडून तिथे आता रेशनच्या धान्याचं गोदाम झालंय. म्हातारा वॉचमन बाकावर बसला होता.

"काय वो, पैसं सांडलं का? भुईकडं बघत चाललाय."

"पावलं मोजतोय, मामा." एवढ्यात शंभर भरले, मी चिंचोका बदलला. तो हसायलाच लागला.

"आनि एक आला की चिंचोकंवाला!"

"आणखी कोण आलं होतं?"

"लई वर्सं झाली. कारखाना चालू हुता तवा. एक मास्तर हुते, धोतर गुडघ्यापतूर वर, हातात कागद. एका पोरासाठी पुलावर दोन तास थांबलो म्हनले. मग एकलेच नाला हुडकत आले. मी म्हनलं, त्यो हितं खाली हाय, कारखान्याच्या पोटात. लई हसले. म्हनले, भिंत बघून मी बी आसंच काढलं आस्तं. जाताना सांगून गेले, पोरगं आलं तर त्याला आत सोडा, समदं दावा. पोरगं काय आलं न्हाय."

त्याने मला आत नेलं. जिथे कापसाच्या गासड्या दाबायचं यंत्र होतं तिथे ज्वारीची पोती आहेत. पोत्यांमधलं लोखंडी झाकण त्याने पहारीने उचललं. मी पालथा पडून आत पाहिलं. अंधारात पाणी वाहत होतं, मधेच चमकत होतं. एवढ्या धान्याखाली रोज. किती वेळ पाहत राहिलो ते घड्याळात बघायचं राहिलं. भिंतीपासून भिंतीपर्यंत सदुसष्ट पावलं होतात. पलीकडे नाला तसाच सरळ बाहेर पडतो.

रात्री नवी रेघ ओढली, ती ह्याच कागदाच्या पाठीमागे आहे. कुठे पाठवायचं नाही, म्हणूनच पुढचंही लिहितो. निघताना वॉचमनने विचारलं, "त्या पोराचं फुडं काय झालं आसंल वो?"

मी म्हणालो, "मला काय माहीत."