आचार्यांच्या पाटीबद्दल

तीर्थस्वरूप दादास धाकट्याचा नमस्कार. (नावाआधी "आचार्य" लिहायचं मुद्दाम टाळलंय, विसरलेलो नाही.) तुझी तब्येत ठणठणीत असल्याचं पाटी सांगायला आलेल्या तुझ्या शिष्याकडून कळलं. इकडे बाबांचा एक डोळा गेलाच, दुसऱ्यावरही पडदा यायला लागलाय, आणि माझं डोकं फिरलंय.

तुझी पाटी आपल्या दुकानात रंगवायला घ्यायची दुर्बुद्धी मला कुठून सुचली कोण जाणे! शिष्य म्हणे, पिवळा पुरेसा तेजस्वी नाही. बदलून दिला तर म्हणे, आता वैराग्य कमी पडतंय. (वैराग्याचा डबा आमच्याकडे येत नाही, म्हटलं.) शेवटी दमून हे शिष्यमहाराज जिथे टेकले, ती तुझीच ओली पाटी. तुझी पदवी उलटी होऊन त्याच्या पांढऱ्याशुभ्र कपड्यांवर मागून उमटली आणि तशीच भर बाजारातून मिरवत गेली. फळी मात्र मला पुन्हा घासावी लागली.

तेही सोसलं असतं. पण खाली अर्थ लिहायचा हुकूम! "जो आधी स्वतः आचरतो आणि मग इतरांना शिकवतो, तो आचार्य." वर शिष्य मला उगम ऐकवतो, आचार म्हणजे वागणूक, त्यावरून आचार्य. अरे, शब्दाचा उगम असेल तो असो, तुझ्या पदवीचा मला चांगला ठाऊक आहे! सभागृहात वक्ते आलेच नाहीत, आणि माइक जोडायला गेलेला तू टेस्टिंग करता करता आईवडिलांच्या सेवेवर तासभर बोललास. लोक रडले म्हणे. तेव्हा बाबा इथे टर्पेंटाइनच्या वासात खोकत होते. ते टेस्टिंग अजून चालूच आहे, दादा, आणि तेव्हापासून तू या घराचा उंबरा ओलांडलेला नाहीस. संताप होतो रे नुसता!

दुकानाची रीत तरी आठवते का? पाटीचं पहिलं अक्षर बाबांच्या हातचं. आता हात थरथरतो, म्हणून ते जेवायला गेले की मी ते गुपचूप सरळ करतो. गिऱ्हाइकाला कळत नाही, बाबांनाही नाही. तुझा "आ" काढायला त्यांनी अख्खी सकाळ घातली. मधे कुणाला बोलू दिलं नाही.

वहिनींना नमस्कार.

तुझा धाकटा

ता. क. पाटी तयार आहे. गाडी घेऊन आलेल्या शिष्याला मी हात हलवत परत पाठवलंय.

आणखी ता. क. दुसरा माणूस पाठवू नकोस. पाटी न्यायला थोरला स्वतः येईल, म्हणून बाबा रोज घोटून दाढी करतात आणि दारात बसतात.

शेवटचा ता. क. तुझा "आ" मी सरळ केलेला नाही. वाकडा वाटला तर बाबांना तोंडावर सांग. त्यासाठी का होईना, त्यांना दिसतंय तोवर ये.