हॉल्टवरचं हळदीकुंकू

शनि., ४ जानेवारी ८६
सुमन आज पुन्हा पडली. नाल्यावरच्या पाइपवरून जाताना बुटाचा पट्टा तुटला, कोपर सोललं. तशीच ऑफिसला गेली. लहानपणीच्या पोलिओनं एक पाय गेला, पण हट्ट दोन पायांचा आहे. ठाण्याची टायपिस्टची नोकरी हिनं स्वतः मिळवली. त्यासाठी रोज रुळांच्या कडेकडेनं, मिठागराच्या बाजूनं विक्रोळी गाठायचं.
आणि आमचा हॉल्ट दारासमोर. कारखान्याची पाळी बंद झाली तशी गाडी थांबायची बंद झाली. फलाटावर आता शेळ्या बसतात.
हे म्हणाले, पोरीला ठाण्याला मामीकडे ठेवू. मामीकडे म्हणजे गेलीच.

शुक्र., १० जाने.
शेजारचे गोपाळभाऊ पेढे घेऊन आले. हॉल्ट चालू करा म्हणून समिती काढली होती, तिच्यात आता ते एकटेच उरलेत. रेल्वेच्या साहेबांनी मान्य केलं म्हणे. संक्रांतीनंतर पंधरवडाभर सकाळची एक ठाण्याकडे जाणारी आणि संध्याकाळची एक परतीची गाडी थांबवून बघणार. प्रतिसाद मिळाला तर कायम.
"गाडी थांबतली वयनी. सुमनचो बूट आता झिजूचो नाय."
माझा काडीचा विश्वास नाही. तीळ मात्र जरा जास्तच भाजले.

बुध., १५ जाने.
थांबली. खरंच थांबली.
अख्खी चाळ फलाटावर. नारळ फोडला, मोटरमनला हार, गार्डला तिळगूळ. सु. दारातून निघाली ती माझा चहा निवायच्या आत गाडीत. मला रडू आवरेना. हे पण चष्मा पुसत होते, विचारलं तर धूळ म्हणाले.
तिकीटखिडकीतल्या कारकुनाला तिळगूळ द्यायचं राहून गेलं.

मंगळ., २१ जाने.
सु. वेळेवर घरी. पाय सुजलेला नाही. भाकऱ्या थापायला बसली, वर गुणगुणणं. हे म्हणतात सवय लावून घेऊ नका. कळतं मला. पण लागतेच ना.

शनि., २५ जाने.
वाट लागली.
कारकुनाला तिळगूळ नेऊन दिला. बिचारा म्हणाला, "बाई, माणसं मला रोज दिसतात. पण तिकीट एकानंही काढलेलं नाही. साहेब तिकिटंच बघणार."
कोण काढणार? आमची सगळी चाळ भांडुप, मुलुंड, ठाण्याकडे कामाला. सगळ्यांचे पास विक्रोळीपासूनचे. हॉल्ट वाटेतच, पास चालतो. सु.चा तर तीन महिन्यांचा, मीच काढायला लावलेला. हारतुरे, नारळ सगळं केलं, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही.
गोपाळभाऊ ओट्यावर बसून राहिले. "पास आसताना तिकीट कोण काढता गो?"
खरंच आहे.

रवि., २६ जाने.
भांडी घासताना सुचलं. दरवर्षी हळदीकुंकवाला वाण देतो, कधी डबी, कधी गाळणी. यंदा तिकीट द्यायचं. भांडुपचं. शेवटच्या दिवशी, फलाटावरच. सगळ्या बायका गाडीनं भांडुपच्या बाजारात जातील, साहेबांना तिकिटंही दिसतील नि माणसंही.
हे हसले. वेडी आहेस म्हणाले, पण पैसे काढून दिले.

बुध., २९ जाने.
लिहवत नाही.
साहेब स्वतः आलेले. बायका नटूनथटून. मी एकेकीला हळदकुंकू लावलं, तिळगूळ दिला, हातात तिकीट ठेवलं. गाडी आली. सगळ्यांनी तिकीट कपाळाला लावलं, पदराच्या गाठीत बांधलं आणि उभ्या राहिल्या. मी म्हणतेय चढा गं, चढा. पलीकडच्या खोलीतली ताई म्हणते, "वाण कुणी लगेच वापरतं का? आधी देवापुढे ठेवायचं."
ऑफिसला जाणारे पासवाले तेवढे चढले. गाडी गेली. बायका पण घरी गेल्या.
साहेबांनी खिडकीत चौकशी केली, मग माझ्याकडे आले. आवाज चढवला नाही. "तिकिटं खपली बाई. पण प्रवासी कुठे आहेत?"
हातात तबक. तिळगूळ दिला, त्यांनी खाल्ला. कळवू म्हणाले.

गुरु., ३० जाने.
सकाळची गाडी हॉर्न देऊन सरळ गेली. सु. त्याआधीच पाइपवरून गेली होती.

रवि., ९ फेब्रु.
हे सु.ला मामीकडे सोडून आले. पाइपवर परत पडली होती, या वेळी डोक्यावर. आता मी तरी कोणत्या तोंडानं थांबवू?
पास देवापाशी ठेवून गेली, माझ्या न वापरलेल्या भांडुपच्या तिकिटाशेजारी. दोन्ही उचलून बघितली नि म्हणाली, "आई, निदान तू तरी बसायचंस ना गं गाडीत."
रागानं नाही म्हणाली. म्हणूनच जास्त लागलं.
मी का नाही बसले? तबक कुणाकडे द्यायचं, हा विचार करत राहिले. एवढंच.

शनि., १५ फेब्रु.
सु. आज रात्रीपुरती येणार. ठाण्याहून येताना आधी हॉल्ट लागतो, मग विक्रोळी. म्हणून संध्याकाळी फलाटावर जाऊन उभी राहिले. गोपाळभाऊ फलाटाच्या कडेला चुना मारत होते. कशाला म्हटलं, तर म्हणाले, "अजून नाय म्हणान सांगूक नाय सायबांनी."
गाडी आली. वेग काही कमी झाला नाही. दारातून कुणीतरी हात केला. सु. असेल, नसेलही. मी केला.
मग चपला हातात घेतल्या आणि पाइपवरून तिला आणायला निघाले.