वरची मूठ

चंद्रपूर

खांद्यावर जाळं टाकून घरभर जाळंच शोधणाऱ्या माझ्या उमाजीभावाले गोकुळाबाईचा आशीर्वाद. सांगतो मी, लिहिते नात डिंपल.

मी बरी आहे. आपला अमर मेंदूच्या कॅन्सरनं गेला, त्या रोगाचं औषध शोधणाऱ्यांसाठी डिंपल भावाच्या नावानं पैसा जमवून राह्यली. तिच्यासंगं मी बाजारात वाळले झिंगे विकाले बसतो.

पहिल्या दिवशी ती रागावली, "मापावर मूठभर फुकट काऊन टाकते व आजी? असानं पैसा कसा जमन?"

म्या म्हटलं, "अमर टाकत होता."

आता तीच टाकते.

तुझा खोकला गेला का? का औषध घ्यालेच विसरला?

झिंगे सरले. एसटीनं पोतंभर पाठव, अन् वरच्या मुठीचे जास्तीचे बांधाले विसरू नको.