चुलीतला अंगारा

तुम्ही कचेरीतून याल तेव्हा पाळणा रिकामा दिसेल. घाबरू नका. उत्तराला देवी टोचून घ्यायला मी विश्रामदादाबरोबर सकाळच्याच गाडीनं ठाण्याला नेते आहे. आपल्या आळीत दोन पोरं देवीनं गेली. तरी तुमचं आपलं एकच, "बुवांचा अंगारा लावलाय ना? आईचा गुडघा नाही का बरा झाला?"

मग आता ऐका. बुवांची पुडी आषाढातच संपली. तेव्हापासून सासूबाईंना गुडघ्याला लावायला मी आपल्या चुलीतली राख देते आहे, त्याच कागदात बांधून. गुडघा तरीही बरा आहे. परवा मलाच म्हणाल्या, "बघ गं, विश्वास हवा!" त्यांचा विश्वास आहे, म्हणून त्यांना गुण येतो. सात महिन्यांच्या पोरीला बुवा कोण हे तरी ठाऊक आहे का?

राखेचं सासूबाईंना बोलू नका. बोललात तर गुडघा उद्याच धरेल. पुड्या बांधून फडताळात ठेवल्या आहेत, रोज एक द्या.

देवी डाक्तर आठव्या दिवशी पुन्हा हात पाहतो. तोवर मी नौपाड्यात दादाकडेच राहणार. रागवायचं असेल तर तिथं येऊन रागवा. तुम्ही पोचाल तोवर पोरीला टोचून झालेलं असेल.

तिच्या गळ्यातला ताईत मी काढलेला नाही. सासूबाईंना तेवढं आठवणीनं सांगा, म्हणजे त्यांना झोप लागेल.