उणे एक लिटर

३ फेब्रुवारी
तळोद्याजवळच्या या पुनर्वसन वसाहतीत आज सामान लावून झालं. निवृत्तीनंतर हातावर हात ठेवून बसणं मला जमत नाही, म्हणून घरोघरच्या पाणीवापराची पाहणी अंगावर घेतली. घर भाड्याचं; घरमालक सुरुपसिंग ऊसतोडीला गुजरातेत गेलाय. दोनच खोल्या, पण स्वच्छ. खिडकीतून तुरीचं शेत दिसतं. वीस घरांच्या नळांना सेन्सर बसवले, माझ्याही. कुणी किती लिटर वापरलं, मोबाइलवर लगेच दिसतं. कुणाची थाप चालायची नाही. झकास!

५ फेब्रुवारी
माझ्या दाराबाहेरच्या ओट्यावरच्या नळातून रोज सकाळी सातला एक लिटर जातं. चोर सापडला: शेजारची फुलीबाई, सुरुपसिंगची बहीण. तांब्या भरते, पायरीवर धार सोडते आणि एकेक नाव घेते. नर्मदाकाठचं त्यांचं गाव धरणात गेलं, तिथल्या मेलेल्यांची ही नावं. ते तर पाण्यातच आहेत, मी म्हटलं. ती हसली. "बाई, बुडालेल्यालाबी तहान लागते. आपल्या हातचं लागतं." मग माझंही नाव घे, 'कमल' म्हण, मी म्हटलं. तिनं कानाला हात लावले. जित्या माणसाचं नाव धारेवर घेत नाहीत. घेतलं की मेलेले त्याला न्यायला येतात.

८ फेब्रुवारी
शिस्त म्हणजे शिस्त. नळाला कुलूप घातलं. स्वतःच्या दारात ओत की, म्हटलं. धार भावाच्याच पायरीवर पडावी लागते, असं तिचं म्हणणं. रिकामा तांब्या घेऊन ती विसरवाडीला लेकीकडे निघून गेली. मी नोंद केली: गळती बंद.

९ फेब्रुवारी
सकाळी सात. आकडा: उणे एक लिटर. म्हणजे पाणी नळातून उलटं आत आलं. सेन्सर उलटा बसला असणार. काढून नीट बसवला.

१० फेब्रुवारी
उणे चाळीस. कुलूप तसंच. नवा सेन्सर लावला, तरी तेच. छतावरची टाकी ओसंडतेय. पाण्याला गाळाचा वास येतो.

११ फेब्रुवारी, सकाळ
उणे नऊशे. पहाटे बाहेरचा नळच कापला— आता पाणी भिंतीतून येतंय. खोलीत गुडघाभर. बाहेर अंगण कोरडं, लख्ख ऊन. दार आत उघडतं, दाबामुळे हलत नाही. खिडकीला गज. हाका मारल्या; रस्त्यावरून माणसं गेली, एकानंही मान वळवली नाही. पाहणीच्या ऑफिसला फोन लावला. पलीकडे नुसता पाण्याचा आवाज.

दहा वाजता
कमरेपर्यंत. गजांतून पायरीवर तांब्या ओतला. थांबत नाही.
नावं लागतात. रोज कानावर पडली, एकही टिपलं नाही. लिटर टिपले.

छातीपर्यंत. वही फळीवर—
एकच नाव येतं मला. थोतांड आहे सगळं. म्हणून टाकते—

पाणी थांबलं. आकडा शून्य.

पायरीवर ओली पावलं. खूप. दार आत ढकलताहेत— मला हलत नव्हतं ते—
फुलीबाई घ्यायची तसंच, सावकाश, सगळे मिळून म्हणताहेत, कम—