रिहर्स म्हणजे पुन्हा वखर

४ फेब्रुवारी १९७४, सोमवार.
वाडीच्या गोडाऊनमध्ये सकाळी ११.०७ ला (घड्याळात ११.१०; ते तीन मिनिटे पुढे आहे) ट्रक मागे आला आणि हमाल नत्थूचा पाय चाकाखाली सापडला. हॉर्न वाजला नाही. मी ऑफिसात डिक्शनरी वाचत होतो. ओरडणे ऐकून धावलो.

६ फेब्रुवारी.
कंपनी म्हणते, हॉर्न दिला होता, नत्थूच ट्रकमागे झोपला होता. सोळाला चौकशी. साक्षीदार मी एकटा. साक्ष टिकली तर नत्थूला बसून करायचे काम मिळेल. नाहीतर घरी. योग्य माणसावर आले आहे.

७ फेब्रुवारी.
साक्ष रोज रिहर्स करणार. आधी शब्द पाहिला. मूळ फ्रेंच : शेतात पुन्हा वखर फिरवणे. त्यावरून, सांगितलेले पुन्हा सांगणे. नाटकवाले नंतर आले. नागपुरात हे तिघांना ठाऊक असेल. फार तर दोघांना. मॅट्रिक न होता!

९ फेब्रुवारी.
बायकोला, शामलाला, पाच वेळा सांगितले. 'ओरडणे ऐकून धावलो' हे लुळे वाटते. खिडकीतून ट्रक दिसला असावा. दिसलाच होता. शामला म्हणाली, भाजी करपून राहिली, त्या ट्रकाले आता जाऊ द्या.

१२ फेब्रुवारी.
दवाखान्यात नत्थूला शब्दाचे मूळ आणि पूर्ण साक्ष ऐकवली. म्हणाला, चंपतभाऊ, वखराची दुसरी पाळी देली का वावरात पायाचा पयला माग राह्यत नाही गा. तुमी आयकलं तेच सांगजा.
शिक्षण नाही, पण उदाहरण चांगले. डिक्शनरीच्या मार्जिनमध्ये लिहून ठेवले.

१५ फेब्रुवारी.
साक्ष तयार. अकरा मिनिटे. ड्रायव्हर बिडी पेटवत होता. मी खिडकीतून हाक मारली, नत्थू, सरक. ही हाक आता मला स्पष्ट आठवते.

१६ फेब्रुवारी. सायं. ५.
चौकशीच्या साहेबांनी सगळे ऐकून घेतले. मग विचारले, ऑफिसची खिडकी कुठे उघडते? अमरावती रोडकडे. ट्रक मागच्या अंगाला लागतात. तिथे नऊ वर्षे बसतो, मला कोणी सांगायला नको होते.
मी म्हणालो, निदान हॉर्न वाजला नाही, हे खरे आहे. साहेब म्हणाले, तेही खिडकीतूनच पाहिलं का? ड्रायव्हर हसला. साक्ष बाद.
खिडकीची जागा चूक आहे. बांधणाऱ्याची.

१७ फेब्रुवारी, रविवार.
नत्थूकडे गेलो. का भाऊ, हॉर्नचं सांगितलं ना, म्हणाला. सांगितले, म्हणालो. शेवटी.
मग काय झाले ते पहिल्यापासून सांगायला लागलो. तो म्हणाला, राहू द्या.
घरी येऊन चार तारखेचे पान घड्याळ लावून वाचले. चौदा सेकंद.